मोज्यातली बाटली

"हा वास," ग्लास नाकाशी धरून, डोळे मिटून गास्पार मोर्लो म्हणाला, "हा वास जूनमधल्या सकाळचा आहे. लिंडनची फुलं, नुकतीच धुतलेली फरशी, आणि खाली कुठेतरी अगदी हलकासा…"

"ओला पुठ्ठा," पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या.

डेकवरच्या सगळ्या माना वळल्या. गास्पारने एक डोळा उघडला. बाईंचं नाव मादाम द्युक्रे. दिजाँच्या. उभा जन्म लोकांच्या दाढा उपटण्यात गेलेला, आणि आता निवृत्त झाल्यावर नवऱ्याला मांजरापाशी ठेवून एकट्याच फिरायला निघालेल्या. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा त्यांनी ग्लास दांडीला धरला होता.

"ओला पुठ्ठा," त्यांनी पुन्हा सांगितलं. "तळघरात विसरलेला. मॉस्यू, या बाटलीचं बूच सडकं आहे. वाइन मेलीय बिचारी."

बूच सडकं निघालं की वाइनला असा वास लागतो, हे बोटीवर दोर ओढणाऱ्यालासुद्धा ठाऊक असतं. वाइन वाढणाऱ्याला तो कळू नये म्हणजे हजामाने गिऱ्हाइकाच्या भुवया उडवाव्यात तसं झालं. आणि इथे तर गास्पारने ती वाइन नुसती वाढली नव्हती, त्या पुठ्ठ्यावर लिंडनची फुलं वाहिली होती.

त्याने दुसराही डोळा उघडला. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्याने ग्लास खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि टाळ्या वाजवायला लागला. एकटाच, सावकाश.

"अखेर," तो म्हणाला, "अखेर या बोटीवर एक खरं नाक चढलं. मंडळी, दर फेरीला मी एक बिघडलेली बाटली मुद्दाम उघडतो आणि तिचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करतो. बघायचं असतं, कोण माझ्या तोंडाला भुलतं आणि कोण स्वतःच्या नाकाचं ऐकतं. मागच्या फेरीत एक प्रोफेसर होते. त्यांनी दोनदा मागून घेतली."

डेक खदखदून हसला. ज्यांनी अर्धा ग्लास संपवला होता ते जरा जास्तच मोठ्याने हसले. गास्पारने स्वतःच्या गळ्यातली साखळी काढली. तिला चव घ्यायची छोटीशी चांदीची वाटी लटकत होती. ती त्याने मादाम द्युक्रेंच्या गळ्यात घातली.

"आजचा दिवस ही तुमची. दुपारी व्हेरेल गावात माझ्या शेजारी बसायचा मान तुमचा."

मादाम लाजल्या. दाढा उपटणाऱ्या बाईला लाजताना बघणं हे एक वेगळंच दृश्य असतं. गास्पारने वाकून नमस्कार केला, बाटली काखेत मारली आणि खाली स्वयंपाकघरात येऊन दार लावून घेतलं.

"मेलो असतो," तो म्हणाला.

तांगी मोहरीच्या रश्शात पळी फिरवत होता. तांगी ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा, दर्यावर्दी घराण्यातला. आज जेवायला ससा होता, पण तांगीसमोर त्या प्राण्याचं नाव बोटीवर घ्यायची सोय नव्हती. नाव घेतलं की बोट बुडते अशी त्याच्या घराण्याची पक्की समजूत. म्हणून जेवणाच्या पाटीवर खडूने 'लांब कानवाला, मोहरीत' असं लिहिलेलं असायचं, आणि पाहुण्यांना ते फार गोड वाटायचं.

"दे इकडे," त्याने बाटली हुंगली. "ई. कुत्रा भिजलाय."

"ती म्हणाली पुठ्ठा."

"पुठ्ठ्यावर बसलेला कुत्रा. मला आधी का नाही दाखवलीस?"

"तू कांदे परतत होतास. तुझं नाक कांद्यात होतं."

"म्हणजे बोटीवर एक नाक शिल्लक, तेही कांद्यात," तांगी म्हणाला. "गास्पार, असं किती दिवस चालणार?"

हे गुपित बोटीवर फक्त तांगीला ठाऊक होतं. हिवाळ्यात गास्पारला ताप आला, आठवडाभर अंथरुणात काढला, मग बरा झाला. भूक परत आली, आवाज परत आला, दाढदुखीसुद्धा परत आली. वास मात्र आला नाही. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी. लोणी म्हणजे काहीतरी मऊ. डॉक्टर म्हणाले, येईलही, वाट बघा. वसंत आला, बोटीला नवा रंग लागला, ताज्या रंगाच्या डब्यात गास्पारने नाक घातलं, आणि नाकाला रंग लागला तेवढंच.

जिभेवरचं राहिलं होतं. आंबट, गोड, कडू, जीभ आकसते की नाही, घशाला झोंबतं की नाही. बाकी सगळं तो तोंडाने निभावून नेत होता. आणि तोंड त्याचं असं होतं, की शालाँपासून लिओंपर्यंतच्या धक्क्यांवर लोक त्याला बघून आधी खिसे चाचपायचे आणि मग मिठी मारायचे. मेयरच्या खुर्चीखाली कोंबडी बांधणारा तो. पाद्रीबुवांच्या मधमाश्यांना निळा रंग फासतो म्हणून आठवडाभर त्यांना घोर लावणारा तो. वाइनबद्दल बोलायचं तर त्याला वाइनची गरजच नव्हती. समोरच्या माणसाचा चेहरा वाचायचा, त्याला जे आवडतंय ते त्याच्या आधी बोलून टाकायचं. बाटल्या रोज सकाळी तांगी हुंगायचा. अशा रीतीने एका नाकावर दोन माणसं वसंतापासून चालली होती.

बोटीचं नाव 'पारेस्यूझ', म्हणजे आळशी बाई. नावाला जागून ती फ्रान्सच्या सोन नदीतून अशी सरकायची, की काठावरून सायकलवाल्या म्हाताऱ्या घंटी वाजवत तिच्या पुढे जायच्या. शालाँहून निघायचं, तुर्न्यूला मठाचे मनोरे बघायचे, गावागावात थांबत खायचं, प्यायचं, झोपायचं आणि लिओंला उतरायचं. बोटीच्या मालकीण आणि कप्तान मादाम रोश्रो. बाई सरळ होत्या. पण वाइन वाढणाऱ्याला वास येत नाही हे कळल्यावर किती सरळ राहतील, हे काही गास्पारने आजमावून बघितलं नव्हतं. बोट हेच त्याचं घर होतं. माकाँमधली खोली नुसती हिवाळ्यात कपडे ठेवायला.

"दुपारी व्हेरेल," तांगी म्हणाला. "मोजा."

"माहीत आहे."

"सर्दी झाली म्हण."

"सर्दी झालेला गास्पार बघितला तर सोलांज मोहरीचा लेप घेऊन छातीवर बसेल. नको. मोजा मी बघतो."

"कशाने बघतोस?"

"तिच्या तोंडाकडे बघून," गास्पार म्हणाला, आणि रश्शात बोट बुडवून चाटलं. "मीठ कमी आहे."

मीठ खरंच कमी होतं. तांगीने एक चिमूट टाकली.

मोज्याची गोष्ट अशी. व्हेरेलला नदीकाठी सोलांज व्हियार्दो राहायची. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी, आवाज ट्रॅक्टरचा. नवरा गेल्यापासून तिन्ही वेलबागा एकटीने सांभाळलेल्या: चॅपेलखालचा तुकडा, खाणीचा तुकडा आणि रस्त्याकडेचा. दर उन्हाळ्यात पारेस्यूझ पहिल्यांदा व्हेरेलच्या धक्क्याला लागली, की ती एक बाटली नवऱ्याच्या लाल लोकरी मोज्यात घालून आणायची. लेबल दिसत नाही, बाटलीचा घाट दिसत नाही. एकट्या गास्पारला ओतून द्यायची, आणि त्याने सगळ्यांदेखत सांगायचं, कुठला तुकडा, कुठलं साल. चुकला तर त्याने सोलांजला होडीत बसवून वल्हवत पलीकडच्या काठावरच्या खाणावळीत न्यायचं आणि तळलेले बारीक मासे खाऊ घालायचे. बरोबर सांगितलं तर वल्ही सोलांजच्या हातात. गास्पार कोवळा असल्यापासून हे चालू होतं. बहुतेकदा तोच जिंकायचा. म्हातारी वल्हवताना अशा शिव्या घालायची की नदीवरची बदकं बाजूला व्हायची. हरणं तिला मुळीच जमायचं नाही. गावातल्या पत्त्यांच्या डावात तिने एकदा पाद्रीबुवांनाच खोटं पाडलं होतं, बुवा खरं बोलत असताना.

दुपारी बोट धक्क्याला लागली. सोलांजच्या अंगणात चेस्टनटच्या झाडाखाली लांब टेबलं मांडलेली. बकरीचं चीज, गरम चीजचे फुगवलेले गोळे, पाव. पाहुणे बसले. मादाम द्युक्रे गळ्यात चांदीची वाटी घालून गास्पारच्या शेजारी ताठ बसल्या.

गावही जमलं होतं. दरवर्षी जमायचं, पण आज जरा जास्तच. पोस्टातली मिरेय, पाववाला आणि त्याची बायको, आणि फाटकाशी हाताची घडी घालून चक्क फिर्मां.

गास्पारला ते खटकलं. फिर्मां म्हणजे सोलांजचा दीर. कुंपणाच्या एका चिऱ्यावरून दोघांत जे वाजलं होतं ते अजून वाजत होतं. फिर्मां हिच्या अंगणात पाऊल टाकत नसे. त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे जुन्या जातीच्या द्राक्षांची एक रांग होती. विकायला कधीची बंदी असलेली जात. घरच्यापुरती वाइन करायचा आणि एकटाच प्यायचा. सोलांज म्हणायची, फिर्मांची बाटली उघडली की कोल्हा घरात शिरल्यासारखा वास सुटतो, कोंबड्यासुद्धा ओरडतात.

"काय फिर्मां," गास्पारने हाक मारली, "चिरा परत द्यायला आलास?"

"तमाशा बघायला आलोय," फिर्मां म्हणाला, आणि मिशीत हसला.

तेवढ्यात सोलांज आली. हातात लाल मोजा.

"आलास का रे, पाणी विकणाऱ्या," ती म्हणाली.

"आलो, म्हातारे. अजून उभी आहेस? मला वाटलं, आता तुलाच मोज्यात घातलं असेल."

"तुला वल्हवायला लावल्याशिवाय मी कुठे जात नाही." तिने पाहुण्यांकडे तोंड केलं. "मंडळी, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याची वाइन पिऊन पोट भरतो. आज याचं नाक बघू."

तिने ओतली. गास्पारने ग्लास उजेडाकडे धरला. पिवळट, जरा गढूळ. मग नाकाशी नेला. डोळे मिटले. नाकाशी नेहमीसारखं काहीच नव्हतं. पांढरी भिंत.

त्याने एक घोट घेतला. पातळ. आंबट, चांगलीच आंबट. घशाला थोडी चुरचुर. आंबट म्हणजे खाणीचा तुकडा, तिथे ऊन उशिरा पोचतं. इतकी आंबट म्हणजे वर्षही वाईट. पण जिभेने सांगितलेलं अर्धंच. उरलेलं अर्धं सोलांजच्या तोंडावर होतं.

त्याने डोळे उघडले आणि कामाला लागला.

"चॅपेलखालचा तुकडा," तो हळूच म्हणाला, जसं काही स्वतःशीच, "म्हणावं का?"

सोलांज दगड. फक्त उजव्या हाताचा अंगठा तिने मुठीत घेतला होता.

"नाही म्हणावं. चॅपेलखालचा जरा अंगाने भरलेला असतो. रस्त्याकडेचा?" तो ग्लास गोल गोल फिरवत राहिला. "रस्त्याकडेच्याला धूळ लागते. ही स्वच्छ आहे." अंगठा तसाच. "ही थंड जागची आहे. हिने सकाळी उशिरापर्यंत अंगावर सावली घेतलीय."

मुठीतला अंगठा आणखी दाबला गेला. बोटं पांढरी पडली. मिरेयने तोंडावर रुमाल धरला होता. पाववाला झाडाच्या बुंध्याकडे बघत होता. गास्पारला बरं वाटलं. म्हातारी घाबरली, तो मनात म्हणाला, जवळ आलोय.

"खाणीचा तुकडा," तो ग्लास ठेवून मोठ्याने म्हणाला. "आणि साल गारपिटीचं. गारा मे महिन्यात पडल्या आणि जे वाचलं ते रागाने पिकलं, ते. हिच्यात तो राग अजून आहे, मंडळी. मागे चकमकीचा वास येतोय, आणि जरासं हिरवं सफरचंद."

असं बोलून तो खुर्चीत मागे रेलला. छान बोलला होता. पाहुण्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते आणि ते सोलांजकडे बघत होते.

सोलांज गास्पारकडे बघत होती. तिच्या तोंडावर काहीतरी हललं. आता फुटेल म्हणेपर्यंत ते ओसरलं, आणि तिने मुठीतला अंगठा सोडला.

"पण हे तर…" मादाम द्युक्रे शेजारून म्हणाल्या. गास्पारचा ग्लास त्यांच्या नाकापासून हातभरही लांब नव्हता, आणि नाकपुड्या सशासारख्या उडत होत्या. "याला तर उघड उघड…"

"मादाम," सोलांज म्हणाली. ट्रॅक्टर बंद पडल्यावर होतो तसा तिचा आवाज एकदम खाली आला होता. "व्हेरेलचा नियम आहे. ज्याच्या गळ्यात वाटी, त्याने आज वाइनबद्दल बोलायचं नाही."

असा नियम व्हेरेलमध्ये कधीच नव्हता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक गावकऱ्याला हे ठाऊक होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मादाम द्युक्रेंनी सोलांजकडे बघितलं, मग गास्पारकडे. दातांचे डॉक्टर बघतात तसं, आत कुठे दुखतंय ते. मग त्या शांतपणे मागे टेकल्या.

"खाणीचा तुकडा," सोलांज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गारपिटीचं साल. बरोबर आहे. हरले मी."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. पण गास्पार टाळ्या ऐकत नव्हता, तो गावाकडे बघत होता. जन्मभर त्याने लोकांच्या खोड्या काढल्या होत्या. खोडी फुटायच्या आधी बघ्यांचे चेहरे कसे होतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. गाल आत ओढलेले, डोळे भलतीकडे, रुमाल तोंडात. मिरेयचा रुमाल, पाववाल्याचं झाडाकडे बघणं, मुठीतला अंगठा. ती भीती नव्हती. ते दाबून धरलेलं हसू होतं. अख्खं गाव वातीला काडी लावून कानावर हात ठेवून उभं होतं, आणि सोलांजने ती वात ओल्या बोटांनी चिमटीत विझवली होती.

आता कुणीच हसत नव्हतं. मिरेयने रुमाल खिशात घातला. फाटकाशी फिर्मांने हाताची घडी सोडली होती. तो सोलांजकडे बघत राहिला, मग डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि रस्त्याने घराकडे चालता झाला.

फिर्मां. गास्पारला सगळं कळलं. मोज्यात काय होतं, फिर्मां का आला होता, आणि खुराड्यामागची एक बाटली मागायला सोलांज किती वर्षांनी त्याच्या दारात गेली असेल. दरवर्षी मोजा लगेच ओढून बाटली सगळ्यांना दाखवली जायची. आज सोलांजने ती मोज्यासकट एप्रनच्या खिशात कोंबली होती.

"चला," ती कंबरेला पदर खोचल्यासारखा घागऱ्याचा काठ वर खोचत म्हणाली, "न्या मला फासावर. म्हातारीला वल्हवताना बघायचंय ना सगळ्यांना?"

पाहुणे उठले, फोन काढले, धक्क्यापर्यंत मागोमाग आले. होडी दोराला डुलत होती. सोलांज वल्ह्यांकडे वळली, तर तिच्याआधी गास्पार होडीत उतरला आणि वल्ह्यांच्या फळीवर जाऊन बसला.

"ए, तिकडे कुठे? जिंकलायस तू. मागे बस."

"मागे तू बस."

"नियम आहे, गास्पार."

"नियम मला ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याने दोन्ही वल्ही हातात घेतली आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या गावाकडे नीट, एकेकाकडे बघितलं. "जो हरतो तो वल्हवतो."

"किती सभ्य माणूस," पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. मिरेयने नाक शिंकरलं आणि घाईघाईने पाहुण्यांना चीजच्या टेबलाकडे हाकायला लागली. मादाम द्युक्रे मात्र जागच्या हलल्या नाहीत. होडीचा दोर त्यांनीच सोडला.

होडी नदीच्या मध्यावर आली. मग गास्पार म्हणाला, "दाखव."

"काय?"

"मोजा काढ."

सोलांजने मोजा ओढला. लिंबूसरबताची जुनी बाटली, तोंडाला कापडाचा बोळा. तिने बोळा काढला, स्वतः हुंगली आणि मान झटकन मागे घेतली.

"कोल्हा?" गास्पारने विचारलं.

"कोल्ह्याचं अख्खं कुटुंब. लग्नाला आलेलं."

गास्पारच्या छातीतून हसू आलं ते वल्ही हातातून सुटेपर्यंत. "आणि मी तिला काय म्हणालो? चकमक?"

"आणि हिरवं सफरचंद. सफरचंदापर्यंत मी धीर धरून होते. मला वाटलं, तूच आमची फिरकी घेतोयस. मग तू मागे रेललास." ती थांबली. "फिरकी घेणारा माणूस तसा रेलत नाही."

"ओरडायचं होतंस. इतक्या वर्षांत असा सापडलो नव्हतो तुला."

"नाही सापडलास."

"वरून फिर्मांच्या गटारपाण्याला खाणीचा तुकडा म्हणालीस. अख्ख्या गावासमोर. त्याच्यासमोर. आता तो मरेपर्यंत ऐकवेल."

"नाही ऐकवणार," सोलांज म्हणाली. "गाढव आहे, पण तसलं गाढव नाही." तिने बाटली नदीत ओतून दिली आणि पाण्याकडे बघून म्हणाली, "मासे मेले तर तू सांगायचंस. कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. सकाळी सडक्या बुचाला लिंडन म्हणालो."

"रोश्रोबाईंना?"

"उद्या सांगतो. माकाँच्या आधी." हे आपण ठरवलंय हे त्याला बोलल्यावर कळलं. बोलल्यावर ते फारसं जड वाटलं नाही. "ठेवलं तर ठेवलं. तोंड अजून चालतंय. नाही ठेवलं तर तुझ्याकडे द्राक्षं तोडायला येतो."

"माझ्याकडे आळशी माणसं नको. आणि तोडणाऱ्याला तोंड लागत नाही."

"मग फिर्मांकडे जाईन. त्याच्याकडे नाक नसलेलाच माणूस लागतो."

आता म्हातारी हसली. मोठ्याने, ट्रॅक्टरसारखी. पाण्यावरून ते हसू गेलं आणि धक्क्यावर कुणीतरी मागे वळून बघितलं.

वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. गास्पारला मागे राहिलेली बोट दिसत होती, तिचा पांढरा कठडा, डेकवर वाळत घातलेले टेबलक्लॉथ. समोरचा काठ फक्त सोलांजला दिसत होता, आणि वाराही तिकडूनच होता.

"काय येतंय?" त्याने विचारलं.

"काय काय येतंय?"

"वास. तिकडून."

सोलांजने त्याच्याकडे जरा बघितलं. मग हनुवटी वर केली आणि नाक वाऱ्यात धरलं. घाई केली नाही.

"तळण," ती म्हणाली. "लोणी जरा जास्त तापलंय. कढईपाशी खाणावळवालीची सून असणार, बोलत बसली असेल मेली. सासूच्या हाताला लोणी कधी जळत नाही."

"आणि?"

"ओला दोर. डिझेल, थोडं. कुणीतरी गवत कापलंय. कालचं नाही, आजचंच, अजून हिरवं येतंय. आणि काठाचा चिखल. चिखल कसा असतो ते आठवतंय ना?"

"सांग."

"गार. जुन्या नाण्यांच्या डब्यात नाक घातल्यासारखा. त्यात मध्येच पुदिना. पुदिना पाण्याला टेकलाय यंदा."

होडी प्रवाहाने जराशी खाली घसरली. गास्पारने वल्ही उचलून धरली होती, त्यांच्या पात्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"वल्हव की," सोलांज म्हणाली. "मासे गार होतील."

"वल्हवतो. तू सांगत राहा."

त्याने वल्ही पाण्यात घातली, पण अगदी हळू, कारण काठ जवळ येत होता आणि तिचं अजून संपलं नव्हतं.